मंगळूच्या अर्जातले माझे शब्द

६ जानेवारी २०२५, सोमवार

डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, वही घ्यायला सांगितली. म्हणाले, "प्रेमाताई, राग आला की बोलू नका, लिहा." मी म्हटलं, लिहिणं हाच माझा धंदा आहे. शहापूरच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बावीस वर्षं लोकांचे राग इंग्रजीत टाइप करून देतेय. ते म्हणाले, मग आता स्वतःचे लिहा. बघू.

आजचा राग. समोर मितालीने नवीन दुकान टाकलंय. काचेचं दार, आत एसी. तिथे मोबाइलवर मराठीत बोलायचं, मोबाइल इंग्रजी करतो, ती प्रिंट मारून देते. आज एक बाई तिच्याकडचा कागद घेऊन माझ्याकडे आली. सासरे वारले म्हणून वारस नोंदीचा अर्ज. त्यात मोबाइलने सासऱ्यांना 'पास्ड' केलं होतं. म्हाताऱ्याने दहावीच दिली जणू.

माणूस गेला याला इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी. डेड हा पंचनाम्याचा. एक्सपायर्ड रेशनकार्डाला चालतो. वारस नोंदीला डिसीज्डच पाहिजे. लेट नावाच्या आधी लावायचा. कोणता कुठे, हे मोबाइलला काय कळणार? ते मनगटात असावं लागतं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझ्या मनगटात ते उतरवलं. मुरबाडला मास्तर होते, कल्याणच्या फुटपाथवरून जुनी डिक्शनरी घेऊन आले आणि रोज रात्री जेवायच्या आधी एक शब्द पाठ. शब्द आला नाही तर भाकरी उशिरा. ती डिक्शनरी अजून माझ्या टेबलावर आहे. मिताली तिला 'अँटिक पीस' म्हणाली. हसून म्हणाली म्हणून वाचली.

९ जानेवारी, गुरुवार

दुपारी देवकी आणि तिचा नवरा मंगळू आले. किन्हवलीच्या पुढच्या पाड्यावरचे. देवकीच्या आईचे निराधारचे कागद मीच केले होते, त्यामुळे ओळख जुनी. मंगळू मुरबाडच्या एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात आहे, नऊ वर्षं झाली. डिसेंबरमध्ये खोकी कापायच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला. दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही. हात टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याचा असल्यासारखा.

कारखान्याने सांगितलंय, काय झालं ते इंग्रजीत लिहून आण, मग तुला गेटवर हलकं काम देऊ.

मी विचारलं, काय झालं?

"चूक झाली, ताई," मंगळू म्हणाला.

"ते समजलं. झालं काय?"

"पुठ्ठा अडकलेला. हात घालून ओढला. हात आत जाऊ नये म्हनून असती ती जाळी नवती ना मशीनला. आठ दिस झाले काढून ठेवलेली. जाळी असली की माल सावकाश निघतो, आन ऑर्डर मोठी व्हती."

"जाळी काढली कोणी?"

तो देवकीकडे बघायला लागला. देवकी म्हणाली, "सांग की." तो म्हणाला, "जाऊ दे गो. चूक झाली लिवा ताई, आन हात जोडून सांगा का गेटवर घ्या."

मला संताप आला. हात गेला याचा आणि वर हाच हात जोडतोय! पण आपल्याकडे हेच आहे. माणूस साहेबासमोर उभा राहिला की पहिलं वाक्य 'चूक झाली'. रेशन मागायला गेला तरी आधी चूक झाली, मग रेशन.

त्यांना साडेचारची किन्हवलीची गाडी धरायची होती. मी नेहमीसारखं केलं. लांबच्या गिऱ्हाइकाची मी कोऱ्या कागदावर तळाशी सही घेऊन ठेवते, पेन्सिलीने फुली करून देते तिथे. मग सावकाश टाइप करून त्याच कागदावर प्रिंट काढते. त्यांची एक फेरी वाचते, रोज बुडत नाही. मितालीच्या एसीत ही सोय आहे का? मंगळूने डाव्या हाताने सही केली. 'मं' काढायलाच त्याला बराच वेळ लागला. देवकी तोवर दुसरीकडे बघत होती.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी वीज नव्हती. अकराला आली, बाराला गेली. महावितरणला फोन करून आवाज चढवला, मग वही आठवली.

मंगळूचा अर्ज केला. फार विचार करून केला, म्हणून इथे लिहून ठेवते. चूक याला काय घालायचं? मिस्टेक लिहिलं, खोडलं. शाळेतल्या वहीवरचा शब्द. एरर कॉम्प्युटरची. फॉल्ट म्हटलं की विजेचा खांब डोळ्यांपुढे येतो, निदान आजच्या दिवशी तरी. एवढ्यात मंगळूच्या कारखान्यातला संदेश टेबलाशी आला. तिथल्या ऑफिसात बसतो, राहायला आसनगावला. त्यांच्या नोटिसा मीच टाइप करते. त्याने चहा मागवला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखं इंग्रजी आख्ख्या तालुक्यात कोणाचं नाही आणि तुम्ही मिस्टेक लिहिता? आमचे साहेब शिकलेले आहेत. जरा वजनदार शब्द येऊ द्या. माणसाला मनापासून वाईट वाटलंय असं दिसलं पाहिजे."

बरोबर बोलला. मी डिक्शनरी उघडली आणि नेग्लिजन्स घेतला. चांगला भारदस्त शब्द, वाचणारा सरळ बसतो. 'माय ओन ग्रॉस नेग्लिजन्स'. ग्रॉस मी माझ्या मनाने घातला, वाक्याला तोल आला.

जाळीचं वाक्य कुठे बसेना. एकदा आपला नेग्लिजन्स म्हटल्यावर पुढे जाळी कशाला? ती तक्रार होते. विनंतीच्या अर्जात तक्रार नको, असं संदेशही म्हणाला आणि माझाही बावीस वर्षांचा अनुभव तोच. एका पानात अर्ज झाला. मीच दोनदा वाचला. संदेश म्हणाला, "मी मुरबाडला जातोच आहे, देतो आत." त्यांची आणखी एक फेरी वाचली.

२२ जानेवारी, बुधवार

देवकी आली. पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन. म्हणाली, "सायबानं अर्ज दोनदा वाचला म्हंतात. बराच वेळ वाचला." मी म्हटलं, वाचणारच. तिने पैसे काढले, मी घेतले नाहीत. उगाच नाही, बरं वाटलं होतं मला.

दिशाने संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर तो अर्ज उघडून वाचला. माझी मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी घेतलंय म्हणजे मला शिकवायचा परवाना मिळाला. "आई, नेग्लिजन्स का लिहिलंस?" मी म्हटलं, चूक म्हणून. "चूक म्हणजे मिस्टेक." मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी हे करतेय. शेंगा सोल. तिने सोलल्या, पण तोंड वाकडं करून. माझं जेवण गेलं त्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय.

मंगळू आणि देवकी कारखान्याचं पाकीट घेऊन आले. दोघांना वाटलेलं, गेटवरच्या कामाची ऑर्डर आली. देवकीने पाकिटाला हळदीचं बोट लावलं होतं. मी उघडलं. आरोपपत्र! मंगळूवर! गंभीर निष्काळजीपणा हे कारखान्याच्या नियमात गैरवर्तन आहे, तुमची अंतर्गत चौकशी होईल, आणि तुम्हाला कामावरून का काढू नये? आणि पुरावा काय, तर अर्ज. 'कामगाराने स्वतः लेखी कबूल केले आहे की.' पुढे अवतरणचिन्हांत ती ओळ, ग्रॉससकट.

मी ओरडले. इतकी की कचेरीतला शिपाई बाहेर आला. ह्यांनी मशीनची जाळी काढायची, ह्यांनी माल उपसायचा आणि बोटं गेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवायचं! मी देवकीला सांगितलं, "या लोकांनी तुमच्या अर्जाचा गैरवापर केलाय. मी बघते एकेकाला."

देवकी म्हणाली, "आमच्या अर्जात काय व्हतं तसं?"

मी म्हटलं, "काही नाही, साधी विनंती होती."

चौकशी एकवीस तारखेला, मुरबाडला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बीपी एकशेसत्तर. मितालीच्या दारासमोर कोणीतरी स्कूटर आडवी लावली म्हणून मी त्याच्याशी भांडले. स्कूटर माझ्या दारात नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार

दिशाशी जोरात भांडण. मी कारखान्याला उत्तर टाइप करत होते. 'मिसयूज', 'डिस्टॉर्ट', 'ट्विस्ट', कोणता घालू म्हणून डिक्शनरी चाळत होते. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि एन उघडला.

"वाच," म्हणाली. "मिस्टेक कोणाच्याही हातून होते. नेग्लिजन्स म्हणजे काळजी घेणं तुझं काम होतं, ते तुला माहीत होतं, तरी तू घेतली नाहीस. त्यांनी काहीही ट्विस्ट केलेलं नाही, आई. लिहिलंय तेवढंच वाचलंय."

मी म्हटलं, कंपनीची बाजू घेतेस?

"मंगळूकाका असं म्हणाले होते का?"

"चूक झाली म्हणाले होते."

"आणि जाळीचं?"

मी टेबलावर हात आपटला. स्टेपलर खाली पडला. तिला म्हटलं, तुझी फी याच टेबलावरून जाते. हे बोलायला नको होतं. ती आत गेली. डिक्शनरी तशीच उघडी राहिली. मी ती बंद केली नाही आणि वाचलीही नाही. तो अर्थ मला येतो. अण्णांनी पाठ करून घेतलेला आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संदेशला आसनगावला स्टेशनबाहेर गाठलं. चारचौघांत विचारलं, वजनदार शब्द घालायला कोणी सांगितलं?

तो शांत. या माणसाचा शांतपणाच मला सहन होत नाही. "मॅडम, मी वजनदार म्हटलं. शब्द तुम्ही निवडला. ग्रॉस तर मी म्हटलंही नव्हतं. ते वाचून आमचे वकीलसुद्धा चकित झाले."

मी म्हटलं, मी चौकशीत येऊन सगळं सांगणार.

"काय सांगणार? की तुम्ही लोकांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेता? जरूर सांगा. ते तहसीलदारांच्या कानावर गेलं तर टेबल कुठे मांडणार, तेवढं आधी ठरवा." मग म्हणाला, "बरं, मार्चच्या नोटिसा पाठवू ना तुमच्याकडे?"

त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हातात पर्स होती आणि पर्समध्ये बीपीची गोळी. परत येताना रिक्षावाल्याशी भांडले.

संदेश नालायक आहे. कारखाना नालायक आहे. मितालीसुद्धा. दिशा उद्धट आहे. मंगळूने तरी जाळीचं ठासून का सांगितलं नाही? देवकीने तरी वाचून दाखवा म्हणून का म्हटलं नाही? सगळ्यांची नावं लिहून झाली, राग उतरत नाही. डॉक्टरांचा उपाय फुकट गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ड्रॉवरमधली फाइल काढली. सह्या केलेले चौदा कोरे कागद निघाले. सगळ्यांच्या तळाशी माझी पेन्सिलीची फुली. एका कागदावर अंगठा आहे, नाव नाही, कोणाचा ते मला आठवत नाही. दोन तास आठवत बसले. मागे टाइप केलेले अर्ज डोळ्यांपुढे यायला लागले, कोणाला 'रिक्वेस्ट' घातलं, कोणाला 'बेग'. बेग मी पुष्कळदा घातलंय. कानाला गोड लागतं म्हणून. त्या लोकांनी मला भीक मागा असं कधी सांगितलं होतं?

चौदाही फाडले. संदेशच्या हाती पुरावा नको म्हणून फाडले, हे खरं. दुसरंही कारण होतं, पण ते मला इथे नीट लिहिता येत नाही.

देवकीला फोन लावला. सांगायचं ठरवून लावला होता. ती म्हणाली, "ताई, तुमी येनार ना चौकशीला? हा म्हनतो, ताई असल्या का मला भ्या नाय." मी म्हटलं, येते. आणि ठेवला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं लिहिते, झोप येईपर्यंत.

कारखान्याच्या ऑफिसात टेबल, पाच खुर्च्या. चौकशी करायला कंपनीबाहेरचे, कल्याणचे एक वकील, वयस्कर, बोलणं सभ्य. संदेश कंपनीच्या बाजूने. मला अर्ज टाइप करणारी म्हणून बसू दिलं. देवकी दाराशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

वकिलांनी अर्ज मंगळूपुढे धरला. सही तुमची का? होय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहिलंय का? होय. मग ते मराठीत म्हणाले, आणि अगदी सावकाश म्हणाले, "सही करण्याआधी हे तुम्हाला वाचून, समजावून सांगितलं होतं का? विचार करून सांगा."

मला वाटतं, तो माणूस त्याला दार उघडून देत होता. नाही म्हणाला असता तर त्या कागदाची किंमत तिथेच संपली असती.

मंगळूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "होय. ताईंनी वाचून दाखवलं व्हतं."

संदेशने पेनचं टोपण लावलं.

आता खरं लिहायचं तर लिहिते. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. टेबल वाचलं, असं वाटलं. वकील लिहीत होते आणि मी ते लिहून होईपर्यंत गप्प बसले. पुढचा प्रश्न आला, तोही गेला. नंतर मंगळूने पाणी मागितलं, ग्लास उजव्या हाताने उचलायला गेला आणि तो घसरला. सवयीने गेला हात. पाणी टेबलावर सांडलं. आणि तो पाण्याने ओल्या झालेल्या माणसांना म्हणाला, "चूक झाली."

मी उभी राहिले. म्हटलं, तो खोटं बोलतोय. मला वाचवायला बोलतोय. कागद कोरा होता. सही आधी झाली, अर्ज दुसऱ्या दिवशी. त्याला एक अक्षर वाचून दाखवलेलं नाही. तो चूक म्हणाला, निष्काळजीपणा म्हणाला नाही. जाळी काढल्याचं त्याने सांगितलं होतं, ते मी गाळलं. शब्दाचा अर्थ मला पक्का माहीत होता. हे सगळं मी ओरडून बोलत होते बहुतेक, कारण वकील म्हणाले, "बाई, हळू, मी लिहितोय." संदेश म्हणाला, या साक्षीदारांच्या यादीत नाहीत. वकील म्हणाले, "यादीत नसल्या तरी त्या समोर आहेत." त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. कोऱ्या कागदांबद्दल विचारलं, तेही सांगितलं. निकाल पंधरा दिवसांनी. विरुद्ध गेला तर कामगार कार्यालयात जाता येईल, आणि तेव्हा मंगळूचं स्वतःचं म्हणणं लेखी पाहिजे, असं त्यांनी जाताना सांगितलं.

बाहेर आलो. मला वाटलं होतं, देवकी रडेल आणि मी तिची समजूत घालेन. ती स्टँडकडे चालायला लागली. मुरबाड स्टँडवर शहापूरची गाडी लागली होती. आम्ही तिघं चढलो, मागची लांब सीट मिळाली. सरळगाव गेलं तशी ती बोलली.

"वाचून दाखवलं नवतं ते आमाला म्हाईत व्हतं, ताई. पन काय लिवलंय ते नवतं म्हाईत. आता दाखवा वाचून. समदं. मराठीत."

प्रत माझ्याकडे होती. मी वाचायला लागले, एकेक ओळ मराठीत करत. 'माझ्या स्वतःच्या घोर निष्काळजीपणामुळे' म्हणताना पुढच्या सीटवरची माणसं मागे वळली. 'कंपनीचा काही दोष नाही.' हेही होतं. माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. 'मी आपल्या पायांशी भीक मागतो.' मंगळू खिडकीतून बाहेर बघत होता. वाचून झालं तसं म्हणाला, "असं मी नाय बोललो, ताई."

देवकीचा आवाज तेव्हा चढला. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "तुमाला लिवता येतं म्हनून आमी तुमच्याकडं येतो. तुमी आमच्या तोंडात तुमचं बोलनं घातलंत. त्याची दोन बोटं गेली ती गेली, तुमी त्याची जीभ बी काढून घेतलीत." कंडक्टर म्हणाला, मावशी, हळू. ती त्याच्यावरही ओरडली. चाळीस दिवस मी सगळ्या जगावर रागावत होते, आणि रागवायचा खरा हक्क कोणाला होता, तर या बाईला. ती शेंगा घेऊन आली होती.

मग ती म्हणाली, "काढा कागद. मराठीत लिवा. हा सांगंल तसं."

मी मांडीवर पर्स ठेवून लिहायला लागले. मंगळू सुरू झाला, "चूक झाली," आणि देवकी म्हणाली, "ते नको." तो थांबला. पुन्हा सुरू केलं. पुठ्ठा अडकला. मी ओढायला हात घातला. मशीनला जाळी नव्हती. मी तसं लिहिलं.

"काय लिवलंत?" देवकीने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"नवती नाय. नवती म्हंजे पयल्यापासूनच नवती असं वाटंल. काढली व्हती, असं लिवा. आन कोनी काढली त्याचं नाव लिवा."

मंगळू म्हणाला, "जाऊ दे गो."

"नाव सांग," ती म्हणाली.

त्याने सुपरवायझरचं नाव सांगितलं. मी लिहिलं. तिने पहिल्यापासून वाचायला लावलं, मग पुन्हा एकदा. दोन ठिकाणी मी सुबक व्हावं म्हणून वाक्य फिरवलं होतं, दोन्ही तिने परत घ्यायला लावली. मंगळू सहीला पेन मागू लागला. ती म्हणाली, "गाडी हालते. उतरल्यावर कर."

किन्हवलीला मीही उतरले. स्टँडच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्याने शेवटची ओळ बोट लावून पाहिली, तिथे आपलं नाव आहे का विचारलं, आणि मग डाव्या हाताने सही केली. मी कागदासाठी हात पुढे केला. सवयीने केला. देवकीने त्याची घडी घातली आणि आपल्या पिशवीत तळाशी ठेवली.

"झेरॉक्स देईन तुमाला," ती म्हणाली.